विळी गेली, सुरी आली
गुडघ्यांनी संप पुकारला आणि पत्नीची विळी ओट्याखाली गेली. वसईत होळीच्या बाजारातून मी हौसेनं चकचकीत सुऱ्यांचा संच आणला. महिन्याभरात त्या बोथटल्या. बोथट सुरी जोर मागते, निसटते. पत्नीचं बोट कापलं. बँकेत आयुष्यभर सह्या पारखल्या, सुरी पारखायला मात्र साठी ओलांडावी लागली!

संच नको, एकच चांगली घ्या. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं, मूठ ओल्या हातात सरकू नये. साध्या पोलादाला दगडावर चटकन धार चढते, पण धुतल्याबरोबर पुसावं लागतं. स्टेनलेस सहसा गंजत नाही, तरी धार त्यालाही लावावीच लागते. आणि पैसे मोजण्याआधी सुरी तिच्या हातात द्या. स्वयंपाक ती करते, निवड मी केली होती. चूक तिथंच झाली.