‘त’ की ‘ट’? बाळाला विचारायचं कसं?

ज्याला बोलता येत नाही, त्याला काय ऐकू येतं हे कसं कळणार? मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी बाळाची मानच कामाला लावली. मान धरलेलं, आधारानं बसणारं बाळ आईच्या मांडीवर असतं. स्पीकरमधून ‘त, त, त’ ऐकू येत राहतं. मध्येच ‘ट’ आला आणि बाळानं तिकडे मान वळवली, की काळसर पेटीत दिवा लागतो, आतलं खेळणं हलू लागतं. आईच्या कानांवर मात्र हेडफोन असतात. तिच्या नकळत झालेल्या हालचालीवरून बाळाला सुगावा लागू नये म्हणून. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदीतले हेच उच्चार होते. इंग्रजी घरांतल्या ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, १० ते १२ महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी घरांतल्या ११-१२ महिन्यांच्या बाळांना मात्र तो कळत होता. पहिला शब्द नीट फुटण्याआधीच कान घरच्या भाषेला सरावतो तो असा. आपल्याकडेही ‘ताट’ म्हणताना जीभ आधी दातांना टेकते, मग मागे टाळूकडे वळते. हा फरक मांडीवरच्या बाळाला केव्हाच कळलेला असतो.