रांजणखळगे पाहताना, टिपताना

पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांच्या सीमेवर, टाकळी हाजी आणि निघोज या गावांच्या मधून कुकडी नदी वाहते. इथे तिचे पात्र काळ्या कातळातल्या अरुंद घळईत शिरते. घळईचा तळ आणि भिंती रांजणासारख्या गोल, खोल खड्ड्यांनी कोरून निघाल्या आहेत. भूगोलाच्या पुस्तकात भेटणारे रांजणखळगे ते हेच. शाळांच्या सहली इथे येतात, छायाचित्रे काढली जातात. ती वर्गात समोर ठेवून 'हा खळगा केवढा?' असे विचारले, की मात्र सारे गप्प! वाटीएवढा खड्डा आणि विहिरीएवढा खड्डा छायाचित्रात सारखेच दिसतात.

आधी खळगे कसे होतात ते पाहू. हा कातळ बेसाल्टचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला. कातळातली एखादी भेग किंवा वायूच्या बुडबुड्याने ठेवलेली पोकळी सापडली, की पुराच्या पाण्याचा तिथे भोवरा होतो. भोवऱ्यात अडकलेले गोटे आणि वाळू गरगर फिरत तळ खरवडतात. गोटेही झिजतात, ते संपले की पुढचा पूर नवे आणतो. नुसत्या पाण्याला एवढे काम झेपले नसते, गोटे ही त्याची हत्यारे आहेत. शेजारशेजारचे खळगे रुंदावले की मधली भिंत पातळ होऊन फुटते. खळगे असे एकमेकांना मिळत गेले, की घळई खोल होत जाते. म्हणून एखाद्या सुबक खळग्याच्या छायाचित्रावर समाधान मानू नये. अर्धवट फुटलेली भिंत आणि तळाशी अडकलेले गोटे आमच्या मते जास्त मोलाचे.

सकाळी आणि उतरत्या दुपारी ऊन तिरपे असते. सावल्यांमुळे कातळाचा उंचसखलपणा उठून दिसतो. तळाचे गोटे टिपायला मात्र भर दुपारच हवी. अरुंद खळग्यात ऊन तेव्हाच उतरते.

आता मापाचे. खळग्याच्या तोंडाशी १५ सेंमीची पट्टी ठेवून छायाचित्र घ्या. छापलेल्या चित्रात पट्टी १ सेंमी आणि तोंड ८ सेंमी भरले, तर खळगा १२० सेंमी रुंद. पण हे गणित पट्टी आणि तोंड कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील तरच खरे. पट्टी २ मीटरवर आणि तोंड ४ मीटरवर असेल तर तीच रुंदी प्रत्यक्षात २४० सेंमी निघेल! समरूप त्रिकोण शिकवायला याहून चांगली जागा कुठली? खोलीसाठी दोरीला दगड बांधून सोडावा, पण काठापासून दूरच्या, कोरड्या खळग्यातच. ओला, शेवाळलेला कातळ फार निसरडा असतो. पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सोडलेले असताना पात्रात उतरूच नये.

एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा घेतलेली छायाचित्रे किती सांगतात, याचे उदाहरण अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये आहे. रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन यांनी १८८९-९० मध्ये तिथली छायाचित्रे घेतली होती. रेल्वे झालीच नाही. शंभर वर्षांनी रॉबर्ट वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागा शोधून पुन्हा छायाचित्रे घेतली. पूर्वी पुराने धुऊन निघणाऱ्या काठांवर आता झुडपे वाढलेली दिसली. १९६३ पासून वरच्या बाजूचे ग्लेन कॅन्यन धरण पूर अडवत होते.

कुकडीवरही वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. तेव्हा काठावर सहज न हलणारी एक खूण निवडा आणि दरवर्षीच्या सहलीत तिथूनच, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्या. मोबाइलवर घेतले तरी चालेल. छापून त्यामागे तारीख, वेळ, दिशा आणि पाण्याची पातळी लिहून ते शाळेत जपून ठेवा.