थंडीत तलाव रिकामा नको

डिसेंबर लागला की लोणावळ्याच्या बंगल्यांमधल्या तलावांत सहसा कुणी उतरत नाही. म्हणून पाणी सोडून देणं मात्र महागात पडू शकतं.

कॅनडात पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून तिथे ते कोरडे करतात. लोणावळ्यात ती धास्ती नाही. उलट रिकाम्या तलावाच्या फरश्या उन्हाने सुटू शकतात. जमिनीतलं पाणी वर असेल, तर त्याच्या दाबाने तळही उचलला जातो.

गार पाण्यात शेवाळ हळू वाढतं, क्लोरीन कमी लागतं, पंपही कमी तास चालवून भागतं. सामू मात्र ७.२ ते ७.६ हवा.

शिडीमागे बोट फिरवून पाहावं. बुळबुळीत लागलं, तर भिंती ब्रशने घासून, पाला जाळीने काढून मगच तलाव झाकावा. सैल ताडपत्रीवर पाय पडला तर मूल बुडू शकतं. आच्छादन चहूबाजूंनी ताणून पक्कं बांधावं.