बोर्ड गेम बनवणाऱ्याचा दिवस

बोर्ड गेम बनवणारा दिवसभर खेळत बसतो, असं वाटतं ना? बेंगळुरूत हे काम करणाऱ्याची सकाळ मात्र पुठ्ठा, कात्री आणि एक्सेलमध्ये जाते. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. सातची बेरीज ६ जोड्यांत येते, दोनची एकाच. दोन्हींना सारखंच बक्षीस ठेवलं, तर खेळ तिथेच कलंडतो.

खरी परीक्षा संध्याकाळी. चार अनोळखी माणसांपुढे कच्चा खेळ मांडायचा, नियमांचा कागद द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. कारण गिऱ्हाइकाच्या घरी आपण समजवायला नसतो. टेबलावर कुणी कन्नड, कुणी तमिळ, कुणी मराठी. म्हणून पत्त्यावर वाक्यापेक्षा चित्र बरं. कोण कुठे अडलं, मोबाइल कधी बाहेर आला, सगळं वहीत टिपायचं.

आणि कुणी कल्पना उचलली तर? १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(एम) नुसार खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. नियमांचा मजकूर आणि चित्रं कॉपीराइटमध्ये येतात, नाव ट्रेडमार्कमध्ये. मूळ युक्ती उघडीच राहते.

तरीही खेळ दाखवावाच लागतो, कारण झाकलेल्या खेळातल्या चुकाही झाकलेल्याच राहतात. जर्मनीत क्लाउस टॉयबर दंततंत्रज्ञाचं काम सांभाळून ‘कटान’ घरच्यांबरोबर पुन्हा पुन्हा खेळून पाहत. तो १९९५ मध्ये बाजारात आला.

तुमच्याकडे एखादा अर्धवट खेळ पडून असेल, तर येत्या रविवारी शेजाऱ्यांपुढे मांडा. फक्त मध्ये बोलू नका.