अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची घरगुती शुश्रूषा

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत भात-नागलीची कापणी आटोपली, की अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी जातात. वृद्ध माणसे पाड्यावरच राहतात. त्यांतील आजाऱ्याची व्यवस्था घर सोडण्यापूर्वीच ठरली पाहिजे.

अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी. एकाच अंगावर पडून राहिल्यास तेथील रक्तपुरवठा अडतो व माकडहाड, टाचा, कुल्हे येथे जखमा होतात. कातडी लाल दिसताच त्या अंगावर निजवू नये, तेथे चोळूही नये. नागलीची पेज उठवून बसवून, थोडी थोडी भरवावी; निजल्या स्थितीत ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा वाचा अडखळली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

ही शुश्रूषा शेजाऱ्यांच्या येण्याजाण्याने भागणारी नाही. घरातील एक जाणते माणूस मागे राहणे आवश्यक आहे. त्याची मजुरी बुडू नये म्हणून ग्रामपंचायतीने स्थलांतरापूर्वीच अशा घरांची पाडावार यादी करून आशा कार्यकर्तीस द्यावी आणि पाड्यालगतच रोजगार हमीचे काम उपलब्ध करून द्यावे.