वेळेचा जमाखर्च

ऑफिसात माझे काम हिशेबाचे. व्हाउचर तपासायचे, रक्कम योग्य त्या खाती टाकायची, महिनाअखेरीस मेळ घालायचा. एका रुपयाचा फरक आला तरी आम्ही संध्याकाळी उशिरापर्यंत बसून तो शोधून काढतो. पण घरात रोज चोवीस तास येतात आणि खर्च होतात. त्यांचा हिशेब मात्र चाळिशी ओलांडली तरी मी कधी मांडला नव्हता. तो मांडायला लावला माझ्या मुलीने.

ती दहावीला होती. सहामाहीत गणितात जेमतेम पास होण्यापुरते गुण पडले. मी संतापलो. आपल्या घराघरांतून बाप जे बोलतो तेच बोललो, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. तुला चार तास होत नाहीत?" ती मान खाली घालून म्हणाली, "बाबा, अभ्यासाला बसू कधी, ते तुम्हीच सांगा." एरवी सभेत तासभर बोलणाऱ्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक शंभर पानी वही आणली. घरात माणसे चार. प्रत्येकाच्या नावे एक पान आखले आणि आठवडाभर रोज रात्री कोणाचा वेळ कशात गेला ते लिहीत गेलो. मिसेसना आधी ही चेष्टा वाटली. रविवारी बेरजा मारल्या तेव्हा चेष्टा कोणालाच वाटली नाही.

माझ्या पानावर ड्युटी आणि लोकलचा प्रवास मिळून अकरा तास होते. घरी आल्यावर चहा, टी.व्ही., मोबाईल, नाक्यावरच्या गप्पा आणि मंडळाचे काम यांत रोजचे तीन तास. मिसेस एका दवाखान्यात आयाचे काम करतात. त्यांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. सव्वापाचला नळ येतो, तो पाऊण तासाने जातो. पाणी, डबे, धुणे, मग ड्युटी, परत आल्यावर स्वयंपाक आणि आवराआवर. अंथरुणाला पाठ टेकते रात्री अकराला. दिवसभरात त्यांच्या खाती शिल्लक निघाली वीस मिनिटे. मुलीचे पान तर वाचवेना. सकाळी आईबरोबर पाणी, संध्याकाळी दळण, भाजी, भांडी. त्यानंतर अभ्यास करावा तर त्याच खोलीत दहापर्यंत टी.व्ही. चालू. तो मीच लावलेला. पुस्तक उघडायची वेळ रात्री दहानंतरची, डोळ्यांवर झोप आलेली. आठवीतल्या मुलाच्या पानावर क्रिकेट आणि मोबाईल भरपूर होते, घरकामाचा रकाना कोरा होता.

ज्यांनी हिशेबनीसाचे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, एका खाती जमा दिसली की दुसऱ्या कुठल्या तरी खाती ती नावे पडलेलीच असते. माझे तीन तास आकाशातून पडलेले नव्हते. ते मिसेसच्या आणि मुलीच्या खात्यातून आले होते. मी मुलीला आळशी म्हणत होतो आणि तिचाच वेळ खर्च करीत होतो.

ही एका घराची गोष्ट नाही. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा जातो ८८ मिनिटे. म्हणजे थोडेफार काम करणाऱ्या पुरुषाच्या तिपटीहून अधिक वेळ बाई देते. जे पुरुष घरात हातच लावत नाहीत, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत.

वेळेच्या नियोजनावर पुस्तके पुष्कळ निघतात. पहाटे उठा, यादी करा, मोठी कामे आधी उरका, असे त्यांत सांगितलेले असते. ज्याला स्वतंत्र खोली आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे, त्याला हे ठीक आहे. एका खोलीत चौघे राहतात तिथे वेळ एकट्याचा नसतोच. एकाला वेळ मिळायचा तर दुसऱ्याने तो मोकळा करून द्यावा लागतो.

बाबासाहेबांचा अभ्यास आपण मुलांना नेहमी सांगतो, पण त्यातला अर्धाच भाग सांगतो. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब होते. दोघांना एकाच वेळी पाय पसरायला जागा नव्हती. चरित्रात नमूद आहे की, सुभेदार रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. पुढे भीमराव लंडनला शिकत असताना माता रमाईंनी ओढगस्तीत इकडे संसार सांभाळला. त्या अभ्यासामागे घरच्या माणसांनी दिलेला वेळ होता. मुलाला बाबासाहेबांसारखा अभ्यास कर म्हणताना आपण रामजीबाबांसारखे जागतो काय, हेही बापाने स्वतःला विचारावे.

वेळेचे मोल बाबासाहेबांनी कामगारांच्या बाबतीतही जाणले होते. केंद्रात मजूर खाते सांभाळत असताना त्यांनी कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९४६ च्या त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. कामगाराला आठवड्याचे सहा तास परत मिळाले. ते मिळाले खरे, पण घरच्या बाईच्या कामाचे तास कमी करणारा कायदा कोणी केला नाही. तो आपल्यालाच घरात करावा लागतो.

आमच्या घरात आम्ही चार गोष्टी ठरवल्या. पहिली, सकाळचे पाणी मी आणि मुलाने भरायचे. दुसरी, उद्याची भाजी आजच रात्री सर्वांनी बसून निवडायची-चिरायची, म्हणजे पहाटेची घाई निम्मी होते. तिसरी, साडेसात ते साडेनऊ टी.व्ही. बंद आणि मोबाईल फळीवर. चौथी, दळण आणि किराणा रोज न आणता रविवारी एकदाच आणायचा, तोही मुलाने.

हे सरळ पार पडले असे समजू नका. पहिल्या दिवशी नळावर मला पाहून शेजारी हसले. मुलगा आठ दिवस तोंड फुगवून होता. तिसऱ्या आठवड्यात मला ओव्हरटाईम लागला आणि सगळे विस्कटले. पाणी पुन्हा मुलीच्या डोक्यावर आले. तेव्हा वही पुन्हा काढली, पुन्हा लिहिले आणि पुन्हा ठरवले. पहिला रविवार मात्र मला विसरता येत नाही. दुपारी मिसेसना दोन तास मोकळे मिळाले. मला वाटले, आता त्या काही वाचतील, महिला मंडळात जातील. त्या म्हणाल्या, "अहो, आधी झोप तरी फिटू द्या." इतक्या वर्षांची थकबाकी होती ती.

आणखी एका ठिकाणी आपला वेळ गळतो, तो म्हणजे कागदपत्रांत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी आपण शेवटच्या आठवड्यात धावतो आणि दोन-तीन दिवसांची रोजी बुडवतो. घरात एक फाईल करा. मूळ कागद एका कप्प्यात आणि झेरॉक्सच्या चार-चार प्रती दुसऱ्या कप्प्यात ठेवा. कोणता दाखला कधी संपतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. जात पडताळणीला वेळ लागतो, म्हणून बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, आधीच कॉलेजात चौकशी करून अर्ज द्या.

शेवटी आम्हा कार्यकर्त्यांविषयी. पत्रिकेवर सायंकाळी पाच छापायचे आणि सभा सुरू करायची सातला, ही सवय मीही अंगी बाणवली होती. वही लिहिल्यावर मला उमगले की, समोर बसलेल्या शंभर माणसांचे दोन-दोन तास म्हणजे दोनशे तास आम्ही फुकट घालवतो. त्यांत लेकरांना घेऊन आलेल्या भगिनी असतात. पाहुण्यांचे भाषण सुरू होते तेव्हा त्या स्वयंपाकासाठी उठून गेलेल्या असतात. मग आम्हीच म्हणतो, महिलांची उपस्थिती कमी आहे! धम्मपदातला एक पूर्ण वग्ग अप्पमादावर, म्हणजे गाफील न राहण्यावर आहे. आम्ही तो विहारात म्हणतो आणि घड्याळाकडे पाठ फिरवतो. आमच्या मंडळाने आता दिलेल्या वेळी, असतील तितक्या माणसांत वंदना घ्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या वेळी अकरा जण होते. हळूहळू लोक वेळेवर येऊ लागले आहेत.

मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. ती बोर्डात आली नाही. फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, गणितातही चांगले गुण पडले आणि आता ती कॉमर्सला आहे. परवा तिने ती जुनी वही काढली आणि माझे पान उघडून मला विचारले, "बाबा, यंदाचा हिशेब कधी लिहायचा?"

बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी आपणही एक वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचे पान आखा. सुरुवात घरातल्या बाईच्या पानापासून करा. तिथे शिल्लक काय निघते ते पाहा, म्हणजे कोणाची खोड कुठे मोडायची ते आपोआप कळेल.