कलकत्ता-ढाका, व्हाया गेदे

बंगाल अखंड होता तोवर कलकत्त्याहून निघून थेट ढाक्याला पोचणारी आगगाडी एकही नव्हती. ती सुरू झाली २००८ साली, म्हणजे देशाचे आधी दोन आणि मग तीन तुकडे झाल्यावर. हे विधान मी एकदा वर्गात केले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुम्हाला उलटं म्हणायचं होतं का?" मुळीच नाही. घर एक होते तोवर मधे दार नव्हते, आणि भिंत घातल्यावर मात्र दार बसवले, असा हा अजब प्रकार आहे. त्याचे मूळ राजकारणात शोधू नये. ते नद्यांत आहे.

आपण सह्याद्रीतली माणसे. नदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दगडधोंड्यांतून वाहणारे पाणी येते, आणि पुलावर गाडीने धडधडाट केला न केला तोच ती मागे पडते. बंगालच्या नद्यांचे तसे नाही. गंगेची मुख्य धारा पूर्वेकडे वळून पद्मा होते, ब्रह्मपुत्र उत्तरेकडून जमुना होऊन उतरते (ही मथुरेची यमुना नव्हे), आणि गोआलुंदो नावाच्या घाटाजवळ दोघींची गाठ पडते. पावसाळ्यात पलीकडचा काठ दिसत नाही. पश्चिमेला कलकत्ता, पूर्वेला ढाका, आणि मधे हे पाणी. अंतर म्हणाल तर रेल्वेने पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला जावे जवळजवळ तेवढेच.

बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ साली धावली. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८६२ मध्ये, ईस्टर्न बेंगाल रेल्वेची गाडी कलकत्त्याहून कुष्टियाला पोचली, आणि १८७१ मध्ये रूळ गोआलुंदोच्या घाटाशी येऊन थांबले. तिथून पुढे पाणीच पाणी. रात्री सियालदाला गाडीत बसायचे, पहाटे गोआलुंदोला उतरून आगबोटीत चढायचे, दिवसभर पद्मेच्या प्रवाहाबरोबर नारायणगंजपर्यंत जायचे आणि तिथे छोट्या, मीटरगेजच्या गाडीत बसून ढाका गाठायचे. हा रिवाज तीन-चार पिढ्यांनी पाळला. आपल्याकडे कर्जतच्या वड्याची जी थोरवी, ती त्या प्रवासात आगबोटीवरच्या कोंबडीच्या रश्श्याची. खलाशी तो मुळात स्वतःसाठी रांधत. मोहरीचे तेल, कांदा, लसूण, लाल मिरची, बस्स. कोणी म्हणते, त्यात सुकी कोळंबी वाटून घालत. कलकत्त्यातली हॉटेले आजही 'गोआलुंदो स्टीमर करी' या नावाने काहीबाही वाढतात. मी ती खाल्ली आहे. नदीवाचून तिला चव नसावी.

१९१५ च्या मार्चमध्ये पद्मेवर पहिला रेल्वेपूल झाला, पाक्शी येथे. पंधरा मोठी गाळे, मैलाहून अधिक लांबी. व्हाइसरॉय हार्डिंज यांनी तो उघडला म्हणून त्यांचेच नाव त्याला मिळाले. आता पद्मा ओलांडता येऊ लागली. उत्तर बंगालकडे, सिलिगुडीकडे गाड्या सरळ जाऊ लागल्या. पण ढाका राहिले जमुनेच्याही पलीकडे, आणि जमुनेवर पूल बांधण्याची छाती इंग्रजांच्या हयातीत कोणाला झाली नाही.

मग १९४७ आले. पंजाबची आणि बंगालची वाटणी करायला सर सिरिल रॅडक्लिफ आले, ते या देशात पहिल्यांदाच येत होते. पाच आठवड्यांत त्यांनी रेषा आखली, आणि स्वातंत्र्याला दोन दिवस उलटल्यावर, १७ ऑगस्टला, ती जाहीर झाली. नदिया जिल्ह्यातल्या अनेक गावांनी पंधरा ऑगस्टला आपण पाकिस्तानात गेलो असे धरले होते. ते भारतात राहिल्याचे मागाहून कळले, आणि त्यांतली काही गावे अजून १८ ऑगस्टला झेंडावंदन करतात. या रेषेने कलकत्ता-कुष्टिया लोहमार्ग गेदे आणि दर्शना या लागोपाठच्या दोन स्टेशनांमधे कापला. काल ज्या स्टेशनांवर गाडी दोन मिनिटे थांबे, त्यांतले एक भारताचे शेवटचे झाले आणि दुसरे पाकिस्तानचे पहिले.

पुष्कळांना वाटते की त्याच दिवशी गाड्या बंद झाल्या. तसे झाले नाही. ईस्ट बेंगाल मेल, ईस्ट बेंगाल एक्सप्रेस आणि बारिसाल एक्सप्रेस या तीन गाड्या सरहद्दीपलीकडे जात-येत राहिल्या, थेट १९६५ च्या युद्धापर्यंत. १९५२ च्या ऑक्टोबरपर्यंत तर पासपोर्टसुद्धा लागत नसे. तिकीट काढावे, बसावे. निर्वासितांनी सियालदाचे फलाट भरून गेले ते याच गाड्यांनी. ढाक्यात जन्मलेल्या ऋत्विक घटकांच्या 'कोमल गांधार' या १९६१ च्या चित्रपटात पद्मेकाठी तुटलेला लोहमार्ग दिसतो. कॅमेरा त्या रुळांवरून वेगाने धावत जातो आणि शेवटच्या अडसरावर आदळतो. बंगाली प्रेक्षक तिथे श्वास रोखून धरतात. चित्रपटानंतर चार वर्षांनी उरलेल्या मार्गांचीही तीच गत झाली.

पुढे १९७१. डिसेंबरातल्या युद्धात हार्डिंज पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. बांगला देश जन्मला, आणि १९७२ मध्ये भारताच्या मदतीने पूल दुरुस्त झाला. मालगाड्या फिरू लागल्या. ज्यूट गेले, धान्य गेले, माणसांची नियमित गाडी मात्र नाही. १९९८ मध्ये अखेर जमुनेवर पावणेपाच किलोमीटरांहून लांब पूल झाला, त्यावर रूळही आले. मग काही वर्षांत मीटरगेजच्या मुलखात ब्रॉडगेजचा तिसरा रूळ घालून ढाक्यापर्यंतची वाट मोकळी करण्यात आली. पाण्याचा अडसर संपला. १४ एप्रिल २००८ ला, बंगाली नववर्षाच्या दिवशी, कलकत्त्याच्या चितपूर स्टेशनवरून मैत्री एक्सप्रेस सुटली. मैत्री, बंधन, मिताली, आणि पलीकडे पंजाबात समझौता! सरकारांना आगगाड्यांची बारशी करताना किती प्रेमळ शब्द आठवतात!

सुरुवातीला या प्रवासाला बारा-तेरा तास लागत. त्यांतले कित्येक तास गाडी उभीच असे. गेदेला सारे सामान घेऊन उतरायचे, रांगेत राहायचे, शिक्का घ्यायचा, पुन्हा चढायचे. मग जेमतेम घोटभर अंतर कापून दर्शनाला पुन्हा तोच खेळ. पोरेबाळे, म्हातारी माणसे, बोचकी, आणि वर एप्रिलचे ऊन. जिथे ब्रह्मपुत्र अडवत नव्हती तिथे एक टेबल आणि एक रबरी शिक्का अडवत होता. २०१७ च्या नोव्हेंबरात ही तपासणी दोन्ही टोकांना, कलकत्त्याला आणि ढाका कँटोनमेंटला हलवली गेली आणि प्रवास नऊ तासांवर आला. सर्वांनाच हायसे वाटले. या सुधारणेची एक किंमत होती, ती मला २०१९ च्या जानेवारीत, त्या गाडीत बसल्यावर कळली.

माझ्या शेजारी सत्त्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ होते. धोतर, वर कोट, कानटोपी. मी मराठी शिकवतो असे समजल्यापासून ते मला 'मास्टारमोशाय' म्हणू लागले. आमची बोली अर्धी हिंदी, उरलेली इंग्रजी आणि माझी मोडकीतोडकी बंगाली. त्यांचे वडील पाक्शीच्या रेल्वे कचेरीत कारकून होते आणि घर ईश्वरदीला होते. १९५० च्या दंग्यांत, हे आठ वर्षांचे असताना, कुटुंबाने एका रात्री ईश्वरदी स्टेशनवर गाडी धरली. आईने घराला कुलूप लावले आणि किल्ली पदराच्या टोकाच्या जुडग्यात अडकवली. बंगाली गृहिणीचे ते जुडगे म्हणजे तिचे राज्य. पुढे कलकत्त्याच्या वसाहतीत नव्या कुलुपांच्या किल्ल्या त्यात येत गेल्या. आई गेल्यावर जुडगे यांच्याकडे आले. ईश्वरदीची किल्ली त्यांतली कोणती, हे तिच्यावाचून कोणालाच ठाऊक नव्हते.

"सारेच जुडगे बरोबर घेतले आहे," ते म्हणाले, आणि हातातल्या पिशवीवर थोपटले.

मला तोवर वाटत होते की हे ईश्वरदीला उतरणार. पण गाडीची दारे चितपूरला बंद होतात ती ढाक्यालाच उघडतात. मधल्या कोणत्याही स्टेशनवर प्रवाशाला पाय ठेवता येत नाही. शिक्के दोन्ही टोकांना गेले, तेव्हा मधला सारा मुलूख कायद्याने जणू खिडकीपुरता उरला. म्हणजे ईश्वरदीवरून जायचे, ढाका गाठायचे, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी मोटारीने जमुना पुन्हा ओलांडून तेवढेच मागे यायचे. जुनी गाडी लाख वाईट असेल, म्हणाले, पण दर्शनाच्या फलाटावर तरी उतरवत होती.

भेडामारा मागे पडले आणि पूल आला. हिवाळ्यामुळे पद्मा रोडावली होती. वाळूची बेटे वर आली होती आणि त्यांवर कोणी मोहरी पेरली होती. शेजारी मोटारींचा नवा लालन शाह पूल, पलीकडे रूपपूरच्या अणुवीज प्रकल्पाचे अवजड बांधकाम. गृहस्थ यांतले काहीच पाहत नव्हते. ते उभे राहिले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटले, जप चालला आहे. पूल संपल्यावर ते खाली बसले आणि म्हणाले, "पंधरा. बाबा मोजायला लावायचे."

ईश्वरदी जवळ आले तशी गाडी मंदावली. लांबच लांब यार्ड, जुनी लाल विटांची घरे, फलाटावर चहाची किटली घेतलेला पोरगा. आम्हाला चहा विकता येणार नाही हे ठाऊक असल्याने तो आमच्याकडे बघतही नव्हता. दीड-दोन मिनिटांत सारे सरले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारले, "मास्टारमोशाय, पाटी तुम्ही वाचलीत ना? ईश्वरदीच होते ना?"

"होय," मी म्हटले.

त्यानंतर जमुनेपर्यंत ते बोलले नाहीत. जमुनेच्या पुलावर तर गाडी रांगत होती. पुलाला तडे सापडल्यापासून तिथे ताशी वीस किलोमीटरांची मर्यादा होती. पाणी मावळतीकडे झुकलेल्या उन्हात इतके संथ दिसत होते की इंग्रजांना त्याचे भय का वाटावे असा प्रश्न पडला. डब्यात मात्र गप्पांना रंग चढला होता. कलकत्त्याकडचे पाण्याला 'जल' म्हणतात, ढाक्याकडचे मुसलमान 'पानी'. एवढ्यावरून कोण कुठला ते ओळखू येते, आणि तरी तहान लागली की दोघेही एकमेकांच्या बाटलीकडे हात करतात. दोन्ही देशांची राष्ट्रगीते एकाच रवींद्रनाथांची. ज्या शिलाईदहला त्यांनी जमीनदारीचा कारभार पाहिला, ते पद्मेकाठी, कुष्टियाजवळच आहे. फुटबॉलवरून एक भांडणही झाले. ईस्ट बेंगाल क्लब १९२० साली निघाला तो कलकत्त्यात, आणि पूर्व बंगालातून आलेल्यांची तिसरी पिढी ढाका न पाहता त्याच्यासाठी घसा फोडते, हे ढाक्याच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना पटतच नव्हते.

ढाका कँटोनमेंटला घड्याळ अर्धा तास पुढे केले. रांगेत गृहस्थ माझ्यापुढे होते. अधिकाऱ्याने फॉर्मवर बोट ठेवून विचारले, जन्मस्थान? त्यांनी ईश्वरदी म्हणून सांगितले. त्या तरुण अधिकाऱ्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले, शिक्का मारला आणि उठून उभे राहत पासपोर्ट दोन्ही हातांनी परत केला. बाहेर एक भाचा का पुतण्या मोटार घेऊन आला होता. आमची गाठ तिथे सुटली ती सुटलीच.

ती गाडी २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे थांबली, आणि २०२२ च्या मेअखेरीस पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये दोन नद्यांच्या संगमाखालच्या एकवटलेल्या पद्मेवर ढाक्याच्या दक्षिणेला प्रचंड पूल उघडला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्यावरून रेल्वे गेली. शे-दीडशे वर्षे ज्या पाण्यापुढे रूळ हात टेकत आले, ते पाणी आता सरळ ओलांडता येऊ लागले. २०२४ च्या जुलैत बांगला देशात उठाव पेटला आणि मैत्री, बंधन, मिताली या तिन्ही गाड्या थांबवण्यात आल्या. २०२५ च्या मार्चमध्ये जमुनेवर खास रेल्वेचा दुहेरी मार्गाचा नवा पूल सुरू झाला, आता तिथे रांगावे लागत नाही.

२०२४ च्याच डिसेंबरात ढाक्याहून पद्मेच्या पुलावरून बेनापोलपर्यंत एक गाडी सुरू झाली. बेनापोल म्हणजे जुन्या बारिसाल एक्सप्रेसच्या वाटेवरचे सरहद्दीचे स्टेशन. पलीकडे हाकेच्या अंतरावर आपले पेट्रापोल, मग बनगाव, आणि बनगावहून सियालदाच्या लोकल दिवसभर सुटतात. रूळ सलग आहेत, आणि दोन्ही बाजूंना ब्रॉडगेजच आहे.